मनाने बौद्ध, कर्माने कन्फ्यूशियन : लियांग शुमिंग यांचे जीवन



परमार्थाची ओढ लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न गाठतोच. घर, नोकरी, समाज या सगळ्यांतून मोकळे होऊन साधनेत बुडून जावे, की प्रपंचातील कर्तव्ये करत करतच पुढे जावे? आपल्या देशात या प्रश्नावर शतकानुशतके चिंतन झाले आहे. शेजारच्या चीन देशातही एका तरुणाला हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर जगून पाहण्यात त्यांचे ९४ वर्षांचे आयुष्य गेले.

त्यांचे नाव लियांग शुमिंग. आधुनिक काळात कन्फ्यूशियसची शिकवण पुन्हा उभी करणाऱ्या पहिल्या विचारवंतांमध्ये त्यांची गणना होते. जग त्यांना कन्फ्यूशियन म्हणून ओळखत असे. मात्र उतारवयात त्यांनी स्पष्ट सांगितले की, आपण अंतःकरणाने तरुणपणापासून बौद्धच आहोत. हा दुटप्पीपणा होता का? त्यांचे जीवन जाणून घेऊ या. मग आपणच ठरवावे.

दोन प्राचीन परंपरा

कन्फ्यूशियस हे इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकातील आचार्य. त्यांची शिकवण माणसामाणसांतील नात्यांभोवती फिरते. आई-वडील आणि मुले, पती-पत्नी, भाऊ-भाऊ, मित्र, राजा आणि प्रजा या नात्यांत प्रत्येकाने आपले कर्तव्य प्रेमाने आणि मर्यादेने करावे, म्हणजे माणूस खऱ्या अर्थाने माणूस होतो, असे ते शिकवत.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास भारतातून बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला. सातव्या शतकात ह्युएनत्संग नालंदेत शिकून परत गेले आणि त्यांनी असंग व वसुबंधू यांच्या विज्ञानवादाचे ग्रंथ चिनी भाषेत आणले. तेव्हापासून चीनच्या विचारविश्वात हे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले. एक घर सांभाळायला सांगणारा, तर दुसरा घराची आसक्ती सोडायला सांगणारा. लियांग यांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

बालपण आणि पहिली शंका

लियांग यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८९३ रोजी बीजिंग येथे झाला. प्रकृतीने ते लहानपणी अशक्त होते. वडील लियांग जी हे राजदरबारातील अधिकारी, अत्यंत सचोटीचे आणि देशाची काळजी वाहणारे. त्यांनी त्या काळाच्या रीतीप्रमाणे मुलाकडून प्राचीन ग्रंथ पाठ करून घेतले नाहीत. त्याला नव्या पद्धतीच्या शाळेत घातले. म्हणजे ज्यांना पुढे कन्फ्यूशियसचे वारसदार मानले गेले, त्यांचे शालेय शिक्षण आधुनिक होते.

शालेय वयात त्यांना वाटे की, ज्यात लोकांचा फायदा आणि सुख ते चांगले, ज्यात नुकसान आणि दुःख ते वाईट. विचार साधा होता. परंतु त्यांनी तो पुढे नेला. सुख कुठे असते? वस्तूत असते, तर ती वस्तू मिळालेला प्रत्येक जण सुखी दिसायला हवा होता. तसे दिसत नाही. इच्छा पुरी झाली की सुख वाटते, अडली की दुःख. आणि एक इच्छा पुरी झाली की दुसरी उभी राहतेच. मग इच्छांच्या मागे धावणारे जीवन मुळातच दुःखरूप नाही का? असा विचार करत हा किशोर बुद्धाच्या पहिल्या आर्यसत्यापाशी येऊन पोहोचला.

त्याच सुमारास देशात क्रांती झाली. १९१२ च्या आरंभी राजेशाही संपली. तरुण लियांग क्रांतिकारकांच्या संघटनेत होते आणि त्यांच्या वृत्तपत्रात वार्ताहर म्हणून काम करत होते. तिथे त्यांनी राजकारण जवळून पाहिले. काल त्यागाच्या गोष्टी करणारे आज पदांसाठी भांडत होते. त्यांचे मन फार खचले. या काळात त्यांनी दोनदा स्वतःचे जीवन संपवण्याचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले आणि पुढची काही वर्षे घरीच राहून बौद्ध ग्रंथांच्या अध्ययनात रमले. त्यांनी मांसाहार सोडला आणि अखेरपर्यंत ते शाकाहारी राहिले. लग्न करायचे नाही, पुढे भिक्षू व्हायचे, असा निश्चयही त्यांनी केला.

पदवी नसलेला प्राध्यापक

१९१६ मध्ये त्यांनी बौद्ध दृष्टीतून जीवनाच्या मूळ प्रश्नाचा विचार करणारा एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. तो पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू छाय युआनपेइ यांच्या वाचनात आला. त्यांनी या तरुणाला चक्क भारतीय तत्त्वज्ञान शिकवण्यासाठी बोलावले. लियांग यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही १९१७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते तिथे अध्यापक झाले. भारतीय दर्शनांची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तकही पुढे प्रसिद्ध झाले.

तो काळ लक्षात घ्या. त्याच विद्यापीठात अनेक विद्वान म्हणत होते की, चीनच्या दुर्बलतेला कन्फ्यूशियसची शिकवण जबाबदार आहे, जुने सर्व टाकून द्या आणि पाश्चात्त्य विज्ञान व लोकशाही स्वीकारा. अशा वातावरणात लियांग यांनी रुजू होतानाच सांगून टाकले की, आपण बुद्ध आणि कन्फ्यूशियस यांची बाजू मांडण्यासाठी आलो आहोत.

वडिलांचा प्रश्न

नोव्हेंबर १९१८. वडिलांची साठी काही दिवसांवर आली होती. एके दिवशी बोलता बोलता पहिल्या महायुद्धाच्या बातमीचा विषय निघाला आणि वडिलांनी मुलाला विचारले की, हे जग सुधारेल का? मुलाने उत्तर दिले की, जग दिवसेंदिवस चांगलेच होत जाईल असा आपला विश्वास आहे. तसे झाले तर बरेच, अशा अर्थाचे काही बोलून वडील घराबाहेर पडले. तीन दिवसांनी त्यांनी बीजिंगमधील एका तलावात देह टाकला. ज्या आदर्शांवर आपण वाढलो, ते समाजातून नाहीसे होत आहेत, हे त्यांना सहन झाले नव्हते. मागे ठेवलेल्या पत्रांतून त्यांनी तसे कळवले होते.

मुलाच्या मनावर काय आघात झाला असेल, याची आपण कल्पना करू शकतो. मुलाने लग्न करावे, घर चालवावे अशी आई-वडिलांची इच्छा होती. आई १९१२ मध्येच वारली होती. वैराग्याच्या ओढीत आपण वडिलांचे अंतःकरण समजून घेतले नाही, याचा पश्चात्ताप लियांग यांना पुढे होत राहिला. स्वतःची मुक्ती शोधताना घरातल्याच माणसाचे दुःख दिसू नये, ही गोष्ट आपल्यालाही विचार करायला लावणारी आहे.

भिक्षू होण्याचा निश्चय सुटला

बदलाची सुरुवात त्याआधी झाली होती. १९१७ मध्ये हुनान प्रांतातून प्रवास करताना त्यांनी सैन्याच्या लुटालुटीने उद्ध्वस्त झालेली जनता पाहिली. परत आल्यावर त्यांनी एक पुस्तिका लिहून सज्जनांना पुढे येण्याचे आवाहन केले. चांगली माणसे घरात बसून राहिली, तर सामान्य लोकांचे काय होणार, हा त्यांचा सवाल होता.

मग १९२० मध्ये एक लहानसा प्रसंग घडला. एका सभेसाठी त्यांना धर्मावर काही लिहायचे होते. मात्र लिहिलेले खोडावे, पुन्हा लिहावे, पुन्हा खोडावे, असे होऊ लागले. डोके तापले. त्यांनी सहज हाताला आलेला ग्रंथ उघडला. मिंग काळातील कन्फ्यूशियन आचार्यांच्या चरित्र-विचारांचा तो संग्रह होता. त्यात त्यांना चिंतांनी बांधलेल्या अस्वस्थ मनाचे वर्णन दिसले आणि जणू आरशात स्वतःचेच मन दिसल्यासारखे झाले. त्यांना घाम फुटला. आपण वैराग्य धरून बसलो आहोत, पण आत शांती कुठे आहे?

ज्या परंपरेतील हे विचार होते, तिचे आद्य आचार्य वांग गेन हे मीठ तयार करणाऱ्या कुटुंबातले होते. त्यांच्या परंपरेत लाकूडतोडे आणि कुंभारही होते. रोजच्या कामातच सहज आनंद आहे, असे ते शिकवत. लियांग यांना ही शिकवण भिडली. त्यांनी भिक्षू होण्याचा विचार सोडला आणि १९२१ च्या अखेरीस ते विवाहबद्ध झाले. बुद्धावरची श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही.

तीन दिशा

१९२१ मध्येच त्यांची पूर्व आणि पश्चिमेच्या संस्कृतींवरील व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि सगळ्या चीनमध्ये चर्चेचा विषय झाली. त्यांनी मानवी इच्छेच्या तीन दिशा सांगितल्या.

पश्चिमेची इच्छा पुढे धावते. समोर अडथळा आला की तो दूर करायचा, निसर्गाला जिंकायचे. विज्ञान आणि लोकशाही यांतून आली. चीनची इच्छा मेळ घालते. परिस्थितीशी जुळवून घेत, नात्यांत समाधान शोधते. भारताची इच्छा मागे वळते. ती इच्छेच्या मुळाशीच जाते आणि तिच्यातून मुक्त होऊ पाहते.

एक उदाहरण घ्या. घराचे छप्पर गळत आहे. एक जण ते छप्पर पाडून नवे बांधेल. दुसरा आहे त्याच घरात समाधानाने राहायला शिकेल. तिसरा विचारेल की, मला मुळात घराची गरज का वाटते?

लियांग यांच्या मते या तिन्ही दिशा मानवाच्या प्रवासातील क्रमाने येणाऱ्या पायऱ्या आहेत. पोटाचे प्रश्न सुटल्यावर माणसामाणसांतील नात्यांचे प्रश्न पुढे येतील. तेव्हा जगाला कन्फ्यूशियसची गरज भासेल. तेही सुटल्यावर जन्म-मृत्यूचा प्रश्न उरेल आणि मग जग भारताच्या मार्गाकडे वळेल. म्हणजे त्यांनी भारताची दृष्टी सर्वांत अखेरीस आणि सर्वांत उंचावर ठेवली. तरीही आपल्या देशबांधवांना त्यांनी तो मार्ग त्या वेळी सुचवला नाही. जिथे लोक भुकेले आणि लुटले गेलेले आहेत, तिथे आधी माणसाला माणूस म्हणून उभे करणे हाच धर्म, असे ते मानत.

१९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर चीनला गेले, तेव्हा या दोघांची भेट झाली. कन्फ्यूशियसच्या शिकवणीला धर्म म्हणावे का, यावर त्यांची चर्चा झाली. इतर धर्मांप्रमाणे ती श्रद्धेवर उभी नाही, ती माणसाला स्वतःच्या अंतःकरणाकडे वळवते, असे लियांग यांचे मत होते.

उलट वाटेने गेलेले मित्र

याच काळातील आणखी एक नाव आपल्याला माहीत असावे. श्युंग शली हे लियांग यांच्यापेक्षा वयाने मोठे. त्यांनी आधी बौद्ध धर्मावर टीका केली होती आणि लियांग यांनी आपल्या १९१६ च्या लेखात त्यांना खोडून काढले होते. पुढे श्युंग यांनी स्वतः पत्र लिहिले, दोघे भेटले आणि मैत्री जुळली. लियांग यांनी त्यांना नानजिंगचे थोर बौद्ध आचार्य ओउयांग जिंगवू यांच्याकडे विज्ञानवाद शिकायला पाठवले आणि १९२२ मध्ये पेकिंग विद्यापीठात तोच विषय शिकवण्यासाठी त्यांची शिफारसही केली.

शिकवता शिकवता श्युंग यांचे मत बदलले. १९३२ मध्ये त्यांनी विज्ञानवादाचीच नवी मांडणी करणारा ग्रंथ लिहिला. विश्वाचे मूळ तत्त्व शांत, निश्चल नाही, ते सतत निर्माण करणारे आहे आणि समुद्र जसा आपल्या लाटांहून वेगळा नसतो, तसे तेही जगाहून वेगळे नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या गुरुगृहातील मंडळी संतापली आणि त्या ग्रंथाचे खंडन करणारे पुस्तक निघाले. श्युंग बौद्ध विचारातून बाहेर पडून कन्फ्यूशियन झाले, तर लियांग बौद्ध राहूनच कन्फ्यूशियन कर्म करू लागले. वाटा वेगळ्या झाल्या, तरी मैत्री टिकली.

खेड्यात उतरलेला आचार्य

१९२४ मध्ये लियांग यांनी विद्यापीठ सोडले. पुढे १९३१ मध्ये कन्फ्यूशियसच्या जन्मप्रांतात, शांडोंगमध्ये, झोउपिंग येथे ग्रामपुनर्रचनेची संस्था सुरू झाली आणि लियांग तिचे प्राण बनले. अकराव्या शतकात चीनच्या काही गावांनी परस्पर साहाय्याचे करार केले होते. एकमेकांना सद्वर्तनात साथ द्यायची, चूक दाखवायची, संकटात धावून जायचे. लियांग यांनी तीच कल्पना नव्याने उभी केली. गावाची शाळा हेच गावाचे केंद्र झाले. तिथे मुले शिकत, प्रौढ शिकत आणि गावचे निर्णयही होत. अफू आणि मुलींचे पाय बांधण्याची क्रूर प्रथा यांविरुद्ध काम झाले. शेतकऱ्यांना कापसाचे सुधारित बियाणे देऊन सहकारी संस्थांमार्फत एकत्र विक्री सुरू झाली. त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला व्यापाऱ्यापुढे हात पसरावे लागत नव्हते.

लियांग यांनी या कामाच्या मर्यादाही लपवल्या नाहीत. आपण समाज बदलण्याच्या गोष्टी करतो, पण सरकारच्या आधाराने चालतो आणि आपण चळवळ करतो, पण गाव मात्र हलत नाही, ही कबुली त्यांनी जाहीरपणे दिली. १९३७ मध्ये जपानी आक्रमण झाले आणि हे काम थांबले.

सत्तेसमोर

युद्धाच्या आणि नंतरच्या यादवीच्या काळात त्यांनी दोन्ही पक्षांत समेट घडवण्यासाठी जिवाचे रान केले. ते साधले नाही. १९४९ मध्ये साम्यवादी राजवट आली. तिचे नेते माओ हे लियांग यांच्याच वयाचे, दोघांचा जन्म १८९३ चा आणि ओळखही जुनी. १९३८ मध्ये येनान येथे दोघांनी रात्र रात्र जागून चर्चा केल्या होत्या.

सप्टेंबर १९५३ मध्ये एका बैठकीत लियांग यांनी सांगितले की, शहरातील कामगार आणि खेड्यातील शेतकरी यांच्या जीवनमानात फार मोठी दरी पडली आहे आणि शेतकरी मागे राहिला आहे. माओ यांनी त्यांच्यावर अत्यंत कठोर टीका केली. लियांग यांनी भर सभेत उत्तर देण्यासाठी वेळ मागितला आणि टीका ऐकून घेण्याइतके मोठे मन नेत्याजवळ आहे का, हे आपल्याला पाहायचे आहे, असे म्हटले. सभेने ओरडून त्यांना खाली बसवले. त्यानंतर त्यांचे सार्वजनिक जीवन जवळजवळ संपले.

साधकांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अनेक वर्षांनी या प्रसंगाविषयी बोलताना लियांग यांनी स्वतःला शूर म्हणवून घेतले नाही. त्या दिवशी आपल्या वागण्यात अहंकार होता, हे त्यांनी मान्य केले. शेतकऱ्यांविषयीचे म्हणणे मात्र त्यांनी मागे घेतले नाही.

पुस्तकांविना लिहिलेला ग्रंथ

ऑगस्ट १९६६. सांस्कृतिक क्रांतीचे तरुण स्वयंसेवक त्यांच्या घरात घुसले. पिढ्यान् पिढ्या जपलेली पुस्तके, चित्रे, हस्तलेख अंगणात जाळले गेले. वृद्ध पती-पत्नींना एका लहान खोलीत राहावे लागले. लियांग तेव्हा ७२ वर्षांचे होते.

काही आठवड्यांतच त्यांनी लिहायला घेतले. संदर्भासाठी एकही ग्रंथ जवळ नव्हता. जे होते ते आयुष्यभराच्या चिंतनातून आत उतरलेले. विषय होता कन्फ्यूशियन आणि बौद्ध शिकवणीतील साम्य आणि भेद.

त्यांचे एक साधे निरीक्षण पाहा. बौद्धांचे प्रज्ञापारमिता-हृदयसूत्र अगदी लहान, पण त्यात दुःखाचा उल्लेख येतोच. उलट कन्फ्यूशियसच्या संवादांचा ग्रंथ आनंदाच्या उल्लेखानेच सुरू होतो आणि त्यात दुःखाची चर्चा सापडत नाही. दोघेही जीवनच पाहत होते, मग एवढा फरक का?

लियांग सांगतात की, मीपणाचे दोन थर आहेत. एक विचारांतून घट्ट झालेला मीपणा, माझे मत, माझा मान, माझी मालकी. दुसरा उपजत मीपणा. भूक लागली की खाणे, धोका दिसला की मागे सरणे, या देहाला मी समजणे. बौद्ध साधना दोन्ही थर मुळापासून विसर्जित करते, म्हणून ती मानवी अवस्थेच्याही पलीकडे नेते. कन्फ्यूशियसची साधना उपजत मीपणाला हात लावत नाही. मात्र त्याची भिंत होऊ देत नाही. दुसऱ्याचे दुःख आत येऊ शकेल इतका तो पारदर्शक ठेवते. म्हणून ती मानवी जीवनातच आनंद देते. एक शिकवण माणसाच्या भूमीवर उभी राहून बोलते, तर दुसरी त्यापलीकडून. दोन्हींचे काम मात्र एकाच जागी चालते, आपल्या अंतःकरणात.

घर जळाल्यावर लिहिलेल्या या ग्रंथाला द्वेषाचा वासही नाही.

अखेरची वर्षे

१९७४ मध्ये कन्फ्यूशियसची निंदा करण्याची देशव्यापी मोहीम निघाली. अनेक विद्वान तिच्यात सामील झाले. लियांग आधी मौन राहिले. बोलण्याचा आग्रह झाल्यावर त्यांनी कन्फ्यूशियसच्या योगदानाचे सविस्तर समर्थन केले. त्यानंतर अनेक महिने सभांमधून त्यांच्यावर टीका होत राहिली. अखेरीस त्यांना काय वाटते असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी सामान्य माणसाचा निश्चय कोणी हिरावू शकत नाही, या कन्फ्यूशियसच्याच शिकवणीचा आधार घेतला.

१९८० मध्ये त्यांचे चरित्र लिहिणारे एक अमेरिकन अभ्यासक त्यांना भेटायला आले. चरित्रात त्यांनी लियांग यांना अखेरचे कन्फ्यूशियन म्हटले होते. लियांग यांनी शांतपणे सांगितले की, आपण बौद्ध आहोत, मात्र लोकांमध्ये कन्फ्यूशियस सांगतो, कारण लोकांना आज त्याची गरज आहे. या संभाषणांचे पुस्तक पुढे चिनी भाषेत निघाले, तेव्हा त्याला शीर्षक मिळाले ते १९१८ मधील वडिलांच्या प्रश्नाचे. लियांग यांचा विश्वास मात्र तोच होता. इतके सोसूनही ते निराश नव्हते.

२३ जून १९८८ रोजी बीजिंग येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी झोउपिंगमध्ये आहे, जिथे ते शेतकऱ्यांमध्ये राहिले होते.

आपल्यासाठी

साधकहो, आरंभीचा प्रश्न आता पुन्हा पाहू. लियांग यांनी मोक्षाची ओढ मनात जपली आणि हात कामात ठेवले. दुसऱ्यांना आपली आवडती वाट दाखवण्यापेक्षा त्यांना आज कशाची गरज आहे, हे त्यांनी आधी पाहिले. बोधिसत्त्वाची करुणा आपण ग्रंथांत वाचतो, ती त्यांच्या जीवनात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याच्या काळजीच्या रूपाने दिसते.

आज ध्यानाला बसण्यापूर्वी आपणही स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. माझ्या साधनेमुळे घरातल्या कोणाचे दुःख माझ्या नजरेआड तर होत नाही ना? आणि आज घरी, दुकानात, कार्यालयात, वर्गात जे काम माझ्या वाट्याला आले आहे, त्यात माझा मीपणा किती आड येतो? उत्तर मिळायची घाई करू नये. लियांग यांनाही ते मिळायला आयुष्य लागले.